पाऊण तास उशिरा

फेरीबोटीत कुणीतरी विचारतंच.
आज मासळीची पाटी घेतलेल्या बाईनं विचारलं,
मंगळवार, सकाळचे दहा,
रायबंदरचा धक्का नुकता सुटलेला:
"कितवेंत शिकता गो बाय?"

गौरांगी माझ्याकडे बघत नाही.
कठड्यावरून वाकून तिनं आधीच मोजलंय.
"चौदा स्कूटर, दोन गाड्या,
आणि तो सिलिंडरचा टेम्पो.
एवढं चढलं की पांढरी रेघ
एक वीत पाण्यात जाते."

कितवीत विचारलं होतं,
एक वीत मिळाली.
बाई हसली, पाटीवरचं फडकं नीट केलं,
आणि मग माझ्याकडे जे पाहिलं
ते मला पाठ आहे.

चोडणला उतरून बांधावरून चालत गेलो.
डावीकडे खाजन शेत, उजवीकडे खारफुटी,
मधे आमच्या तिघांपुरती वाट.
मिथिलनं खेकड्याची सत्तावीस बिळं मोजली,
अठ्ठावीस म्हणायच्या जागी परत वीस म्हणाला,
आणि मी, कसं कोण जाणे, गप्प राहिले.

मानशीपाशी रुझारबाब डांबर लावत बसले होते,
हात कोपरापर्यंत काळे.
बांधातलं ते लाकडी दार,
एवढंसं, आमच्या न्हाणीघराच्या दाराएवढं.
"रात्री हे कोण लावतं?" मिथिलनं विचारलं.
"न्हंय धांपता," ते म्हणाले,
आणि पुन्हा डांबरात ब्रश बुडवला.

नदी लावते.
भरती आली की बाहेरून रेटून लावते,
ओहोटीला शेतातलं पाणी आतून ढकलून उघडतं.
कडी नाही, कुलूप नाही.
आम्ही बसून राहिलो. डास चावले.
पोळ्या संपल्या, गूळ संपला,
मिथिल दोनदा शू करून आला.
अकरा वाजून पाच मिनिटांनी
फळी करकरली,
बोटभर फट पडली,
आणि तिच्यातून आधी गढूळ पाणी आलं,
मग एक शेवटा,
चांदीच्या चमच्यासारखा.

नऊ वर्षं मी पणजीत भूगोल शिकवला.
भरती-ओहोटी: दोन तासिका, पाच गुण,
फळ्यावर सूर्य, चंद्र, निळ्या खडूचे बाण.
आणि हे दार
तेव्हाही इथंच उघडत होतं,
एका फेरीबोटीच्या अंतरावर.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं.

पण परतताना धक्क्यावर
शाळेची मुलं सुटलेली,
गळ्यात पाण्याच्या बाटल्या, एकमेकांना ढकलत,
कुणाचा तरी बूट कुणीतरी पळवलेला.
मिथिल बघत राहिला.
इतका वेळ तर तो शेवट्याकडेही
बघत नव्हता.

संध्याकाळी पोदेराचा भोंपू वाजला.
पाच पोळये घे, म्हटलं, उरलेले किती ते सांग.
त्यानं दोन रुपये जास्त आणले,
मीच परत करायला धावले, अनवाणी.
सातचा पाढा अजून सात पंचेचाळीशी अडतो.
सासूबाईंचा फोन आला. त्या काही म्हणाल्या नाहीत,
एवढंच की सुलभाच्या नातवाला बक्षीस मिळालं.

रात्री माझं जुनं ओळखपत्र,
निळ्या पट्टीचं, शाळेचं,
कपाटातून शोधून गळ्यात घालून
झोपला होता मिथिल.
फोटोतली मी
त्याच्या छातीवर वर-खाली होत होते.

दिवा लगेच मालवता आला नाही.

फ्रिजवर गौरांगीचा कागद आहे,
मानस कधी उघडते त्याच्या वेळा, सहा भेटींच्या.
खाली तिच्या तिरक्या अक्षरात:
चंद्र रोज पाऊण तास उशिरा उठतो,
कधी कधी त्याहून जास्त.
त्याला कुणी ओरडत नाही.

त्याच्याही खाली, पेन्सिलीनं, मिथिलचं:
एक दप्तर. दोन पट्टे. एक डबा.

मी दोन्ही वाचलं.
मग उद्याची वेळ लिहिली,
अकरा पंचावन्न,
आणि दप्तर खोडायचं नाही म्हणून
आकडा जरा बाजूला लिहिला,
कागदाच्या अगदी कडेला,
जिथं पेन नीट चालत नाही.